सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय इथेनॉलवर कशी आणावी

स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची सीसीएक्स पेट्रोलवर 806 अश्वशक्ती देत असे. 2007 मध्ये तिचंच ई85 वर, म्हणजे बहुतांश इथेनॉल आणि थोडं पेट्रोल अशा मिश्रणावर चालणारं रूप, सीसीएक्सआर, आलं आणि आकडा 1018 वर गेला. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं. त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण थंड राहतं आणि इंजिन सहजासहजी नॉक होत नाही, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटत नाही. मग टायमिंग पुढे घेता येतं, म्हणजे ठिणगी लवकर पाडता येते, टर्बोचा दाबही वाढवता येतो.

अमेरिकेत हाच प्रयोग सर्वसाधारण खिशाला परवडणाऱ्या गाड्यांवर केला जातो आणि त्यात सुबारू एसटीआय फार आवडती. 2.5 लिटरचं टर्बो इंजिन, चार इंजेक्टर (इंधन फवारणारे नोझल), सरळ पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत फवारा. तिथल्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या गॅरेजमध्ये ती उभी असेल, तर पुढचं त्यांच्यासाठी.

आधी एक गणित समजून घ्या, कारण सगळं काम त्यावरच उभं आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते, ई85 ला साधारण 9.8. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी वजनाने सुमारे 50 टक्के जास्त इंधन टाकावं लागतं. ते पोचवायचं आणि किती पोचवायचं हे अचूक मोजायचं, अशी ही दोन कामं. बहुतेकांचं सगळं लक्ष पहिल्याकडे असतं. माझ्या मते इंजिन वाचतं ते दुसऱ्यामुळे.

सुरुवात करण्यापूर्वी

घराजवळ किंवा रोजच्या वाटेवर ई85 चा पंप आहे का ते पाहा. मक्याच्या पट्ट्यात, म्हणजे आयोवा, मिनेसोटा, इलिनॉयमध्ये ते सहज सापडतात. इतरत्र शोधावे लागतात. मायलेज सुमारे पाव हिश्श्याने घटतं, हे घरात आधीच सांगून ठेवा.

कायदाही पाहा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या प्रदूषण नियंत्रणात फेरफार करणं अमेरिकेच्या संघीय कायद्याने बेकायदा आहे आणि कॅलिफोर्नियाचे नियम आणखी कडक आहेत. मंजुरी असलेलेच भाग घ्या, नाहीतर गाडी फक्त ट्रॅकवर चालवा. भारतात असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. आपल्या उसाच्या इथेनॉलबद्दल मला फार जिव्हाळा आहे, पण ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी बनलेल्या गाडीत ई85 ओतून पाहू नका.

मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करून घ्या; सिलिंडर दाब नीट धरतात का, ते त्यातून कळतं. या इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधला भाग तडकण्याची जुनी खोड आहे. एखादं सिलिंडर आधीच कमजोर असेल तर इथेनॉल त्यावरचं औषध नव्हे. आधी इंजिन दुरुस्त करा.

इंजेक्टर आणि पंप

समजा क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावर, 400 अश्वशक्ती हवी आहे. टर्बो इंजिनाला ई85 वर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण 0.85 पौंड इंधन लागतं, म्हणजे एकूण 340 पौंड. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी 85. इंजेक्टर सतत उघडा राहून चालत नाही, 85 टक्क्यांच्या वर नेऊ नये. म्हणून 85 भागिले 0.85, म्हणजे 100 पौंड. हे झाले मिनिटाला सुमारे 1050 सीसी. हीच शक्ती पेट्रोलवर 750 सीसीच्या आत निघाली असती. मूळचे इंजेक्टर का पुरत नाहीत, ते इथे स्पष्ट होतं.

टाकीतला इंधन पंप इथेनॉल चालणाराच घ्या. तो मागच्या सीटखालच्या झाकणातून निघतो. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून, इंजिन फिरवून लाइनमधला दाब सोडा, मग बॅटरी सुटी करा. अग्निशामक हाताशी ठेवा. अल्कोहोलची ज्वाळा फिकट असते, भर उन्हात लवकर दिसत नाही.

जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग तपासा. जिथे शंका वाटेल तिथे टेफ्लॉन अस्तराची नळी आणि व्हिटनची ओ-रिंग घाला.

सेन्सर

अमेरिकेत ई85 च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या इंधनात 51 ते 83 टक्के इथेनॉल असू शकतं. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून हिवाळ्यात प्रमाण कमी करतात. गाडी 83 टक्क्यांवर ट्यून केलेली असेल आणि टाकीत 51 चं आलं, तर मिश्रण रिच होतं (इंधन जास्त पडतं) आणि पुढे घेतलेल्या टायमिंगला ऑक्टेन, म्हणजे इंधनाची नॉक टाळण्याची ताकद, पुरत नाही. उलट झालं तर मिश्रण लीन होतं (इंधन कमी पडतं), पिस्टन तापतो. दोन्हीकडे धोका आहे. म्हणूनच एका ठरावीक प्रमाणावर केलेलं ट्यूनिंग मला पटत नाही.

इंधनाच्या परतीच्या लाइनमध्ये इथेनॉल सेन्सर बसवा. तो शुद्ध पेट्रोलला 50 हर्ट्झ आणि शुद्ध इथेनॉलला 150 हर्ट्झचा संकेत देतो. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) कळेल अशा व्होल्टेजमध्ये हा संकेत बदलणारा छोटा कन्व्हर्टर सेन्सरच्या किटसोबत येतो. सेन्सर एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर ठेवा आणि वायर सैल लोंबकळू देऊ नका.

सेन्सर खरं बोलतोय का, हे घरीच तपासता येतं. 100 मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी घ्या, 100 च्या खुणेपर्यंत इंधन भरा, हलवून स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. खालचा थर 80 मिलीवर आला तर त्यात 70 मिली इथेनॉल आहे. 90 पैकी 70, म्हणजे जवळपास 78 टक्के.

ट्यूनिंग

हे अनुभवी ट्यूनरकडूनच करून घ्या. तो कोणत्या क्रमाने जातो ते मात्र बघा. नव्या इंजेक्टरांवर आधी पेट्रोलचं ट्यूनिंग पक्कं झालं पाहिजे: थंड स्टार्ट, आयडल, हळू चालवणं. मग इथेनॉलचं, आणि ईसीयूने या दोन टोकांच्या मधला हिशेब सेन्सरच्या आकड्यावरून करायचा. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारं) लाम्डामध्ये, म्हणजे नीट जळायला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत खरी हवा किती या प्रमाणात वाचा, म्हणजे इंधन बदललं तरी आकड्यांचा अर्थ बदलत नाही. सेन्सर बंद पडला तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आपोआप खाली यावा, ही सोय मागून घ्या. टर्बोचा दाब अगदी शेवटी वाढवायचा, तोही बेताने. इथेनॉलमुळे नॉकिंग टळतं, पण पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड आहेत तितकेच मजबूत राहतात. कमी आरपीएमवर टॉर्कची उसळी आवरायला सांगा.

प्लग एक पायरी थंड प्रकारचे घ्या, गॅप 0.7 मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

नंतरची काळजी

थंडीत जास्तीचं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल लवकर बदला. छोट्या फेऱ्यांनी ते पुरेसं तापत नाही, अधूनमधून लांब पल्ल्याला जाऊन या. पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर पाहा, जुन्या टाकीतला मळ इथेनॉल सोडवून आणतं. आणि गाडी हिवाळाभर झाकून ठेवणार असाल तर शेवटची टाकी पेट्रोलची भरा आणि सेन्सरचा आकडा खाली येईपर्यंत ती चालवा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, ते महिनोन् महिने लाइनमध्ये साचून राहता कामा नये.