मॅन्टू चाचणीची गाठ कशी मोजावी आणि तिच्यातून टी-पेशींचे काम कसे ओळखावे

घरात कोणाला क्षयरोग झाला की बाकीच्यांच्या, विशेषतः मुलांच्या तपासणीत अनेकदा मॅन्टू चाचणी, म्हणजेच दवाखान्यात बोलतात ती ‘एमटी’, करायला सांगतात. हातावर एक बारीक सुई टोचली जाते आणि दोन-तीन दिवसांनी हात दाखवायला बोलावले जाते. प्रतिपिंडांमुळे (रक्तात फिरणाऱ्या, परक्या पदार्थाला चिकटणाऱ्या प्रथिनांमुळे) उमटणारी ॲलर्जीची गांधी पंधरा-वीस मिनिटांत दिसते. मग इथे दोन दिवस का थांबायचे? या प्रश्नाचे उत्तर टी-पेशींच्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, कामात आहे आणि ते नीट समजले, तर चाचणीच्या वाचनात सहसा होणाऱ्या चुका टाळता येतात.

आधी सुईविषयी. कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात, हाताच्या आतल्या बाजूस, ०.१ मिलिलिटर द्रव त्वचेच्या थरातच सोडला जातो. सुईचे तिरके तोंड वर असावे आणि द्रव सोडताच ६ ते १० मिलिमीटरचा फिकट फुगा उठला पाहिजे. फुगा उठला नाही, तर द्रव खोल गेला असे समजून किमान पाच सेंटिमीटर अंतरावर पुन्हा टोचावे लागते. या द्रवात जिवंत जंतू नसतात, क्षयाच्या जंतूंच्या संवर्धनातून शुद्ध केलेली प्रथिने असतात. त्यामुळे चाचणीने रोग होईल ही भीती बाळगू नये. आंघोळ चालते, पण ती जागा चोळू नये, खाजवू नये आणि तिच्यावर पट्टी लावू नये. टोचल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी.

आता त्वचेत काय घडते ते पाहू. टी-पेशींना रक्तात मोकळी तरंगणारी प्रथिने ओळखता येत नाहीत. त्वचेतील इतर पेशींनी ती प्रथिने गिळून, त्यांचे तुकडे करून, आपल्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूंवर मांडून दाखवावी लागतात. (विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या टी-पेशींबाबत हे बंधन रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ साली कॅनबेरा येथे दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) त्या व्यक्तीच्या शरीराची क्षयाच्या जंतूंशी पूर्वी गाठ पडली असेल, तर त्या आठवणीच्या मोजक्या सहायक टी-पेशी तिथे पोहोचतात, मांडलेला तुकडा ओळखतात आणि इंटरफेरॉन-गॅमासारखी संदेशद्रव्ये सोडतात. त्या हाकेने रक्तातून इतर टी-पेशी आणि भक्षक पेशी गोळा होतात, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, त्यातील फायब्रिन (रक्त गोठवणारे तंतुमय प्रथिन) साचते आणि जागा टणक होते. या साऱ्या जमवाजमवीला ४८ ते ७२ तास लागतात.

क्षयाशी लढताना शरीर प्रतिपिंडांपेक्षा टी-पेशींवर इतके अवलंबून का असते, हेही इथेच सांगायला हवे. क्षयाचा जंतू भक्षक पेशीच्या पोटातच राहतो आणि वाढतो. बाहेर फिरणारी प्रतिपिंडे तिथवर पोहोचत नाहीत. भक्षक पेशीला आतला जंतू मारण्यास सज्ज करणारा संदेश टी-पेशीच देते. मेरिल चेस यांनी १९४५ साली गिनीपिगवरील प्रयोगांत दाखवून दिले की, ही त्वचेवरची प्रतिक्रिया एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते ती पेशींद्वारे. प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाने ती जात नाही. पेशीमध्यस्थ, म्हणजे प्रतिपिंडांऐवजी पेशींमार्फत चालणाऱ्या, प्रतिकारशक्तीचा इतका थेट पुरावा साध्या हातावर पाहायला मिळतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

वाचन करताना म्हणूनच लाली मोजायची नाही, टणकपणा मोजायचा. चांगल्या उजेडात, कोपर किंचित वाकवून, बोटांच्या टोकांनी हलकेच चाचपावे. टणक भागाची कड दोन्ही बाजूंनी शोधून पेनाने खूण करावी आणि हाताच्या लांबीला आडव्या दिशेने अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. लाली कितीही पसरलेली असली तरी ती हिशेबात धरू नये. टणकपणा नसेल तर ‘निगेटिव्ह’ असे न लिहिता ‘० मिमी’ लिहावे, कारण आकडा पुढच्या डॉक्टरांना उपयोगी पडतो. ७२ तास उलटून गेले असतील, तर अंदाज करत बसू नये. चाचणी पुन्हा करून घ्यावी.

आपल्याकडे सामान्यतः १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, आणि एचआयव्ही असलेल्यांत ५ मिलिमीटर किंवा अधिक टणकपणा सकारात्मक धरतात. त्याचा अर्थ टी-पेशींना ओळख आहे एवढाच. रोग आहे की नाही हे लक्षणे, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी यांवरून ठरते. बीसीजी लसीमुळेही गाठ येऊ शकते. ही अडचण टाळण्यासाठी बीसीजीच्या जंतूत नसलेली दोन प्रथिने वापरणारी ‘सी-टीबी’ ही त्वचाचाचणी आता उपलब्ध आहे आणि ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमार्फत भारतात आली आहे.

गाठ न येणे हे मात्र अधिक काळजीपूर्वक वाचावे लागते. एचआयव्ही, तीव्र कुपोषण, स्टेरॉइडची औषधे, नुकताच झालेला गोवर किंवा खुद्द गंभीर क्षय यांमुळे टी-पेशी दुबळ्या पडतात आणि संसर्ग असूनही त्वचा गप्प राहते. शिवाय संसर्गानंतर ही ओळख तयार व्हायला साधारण दोन ते आठ आठवडे जातात. म्हणून घरातल्या रुग्णाशी शेवटचा निकट संपर्क नुकताच झालेला असेल, तर आज आलेल्या शून्यावर न थांबता आठ आठवड्यांनंतर चाचणी पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचारून तारीख लिहून ठेवावी; आणि घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर त्याला चाचणीच्या निकालाची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे न्यावे, कारण रोग नाही याची खात्री करून अशा मुलांना प्रतिबंधक औषध चाचणीशिवायही सुरू करता येते.