मनगटाच्या मुंग्या, कायरोप्रॅक्टर आणि पट्टा

रात्री हात बधिर होऊन जाग यायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू मुंग्यांनी भरलेली, करंगळी मात्र ठणठणीत. कार्पल टनेलची (मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबण्याच्या त्रासाची) ही ओळखीची खूण, कारण तिथे दबणारी मीडियन नस करंगळीला जातच नाही. हात झटकला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

इथे न्यू जर्सीत माझ्या इन्शुरन्समध्ये कायरोप्रॅक्टर (हाताने झटके देऊन मणके-सांधे हलवणारे उपचारक) बसत होते, म्हणून गेले. त्यांनी मान मोडली (आईने पाहिलं असतं तर किंचाळलीच असती), मनगटाची बारीक हाडं हलवली, नस मोकळी करायचे व्यायाम शिकवले आणि रात्री बांधायला पट्टा दिला. मुंग्या कमी झाल्या. १९९८च्या एका अमेरिकी चाचणीत गोळ्या घेणारे आणि कायरोप्रॅक्टिक घेणारे, दोन्ही गट सुधारले होते. गंमत म्हणजे रात्रीचा पट्टा दोघांनाही होता! माझं मत पट्ट्यालाच. मान मोडून घेणं बंद केलं, तरी फरक टिकला.

एक बारकावा: बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मागच्या बाजूला वाकवलेली येते. ती बाहेर काढून सरळ करून घ्या. मनगट सरळ राहिलं तरच नसेवरचा दाब कमी होतो.

या त्रासामागे मधुमेह किंवा थायरॉइडही असू शकतो, ते तपासून घ्या. अंगठ्याखालचा उंचवटा बसायला लागला किंवा हातातून कप निसटू लागला, तर कायरोप्रॅक्टर बाजूला ठेवा, नसेची एनसीव्ही चाचणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) करा आणि हाताच्या सर्जनना गाठा.