एजंटशिवाय ऑनलाइन घर विकताय? या चुका टाळा

जाहिरात टाकून १५ दिवस झाले, फोन वाजत नाही, की बहुतेक जण सरळ किंमत उतरवतात. थांबा. घोडं नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधा, कारण प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा असतो.

जाहिरात कुणी उघडतच नसेल, तर आकड्यांकडे बघा. खरेदीदार शोधताना गोल रकमेची मर्यादा घालतो. तुमची किंमत त्या रकमेच्या थोडी जरी वर गेली, तरी घर त्याच्या यादीत येत नाही. "आधी जास्त सांगू, मग उतरू" हा हिशेबही इथे उलटा पडतो. मनासारखं घर शोधून थकलेल्या लोकांनी संकेतस्थळावर नव्या जाहिरातींच्या सूचना (अलर्ट) लावून ठेवलेल्या असतात, त्यामुळे सर्वात गरजू गिऱ्हाईक पहिल्या काही दिवसांतच तुमची जाहिरात बघतं. तेव्हा किंमत अवाजवी दिसली, तर ते परत फिरकत नाही.

पाहणारे भरपूर, पण फोन शून्य? मग बहुधा फोटोंचा दोष. वाळत घातलेले कपडे, भरलेलं सिंक, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेली बैठकीची खोली यांनी चांगलं घरही उदास दिसतं. पडदे उघडून दिवसा फोटो काढा. मोबाइल आडवा आणि छातीच्या उंचीवर धरा, खोलीच्या कोपऱ्यात उभे राहा. खोली मोठी दिसावी म्हणून वाइड लेन्स वापरू नका. प्रत्यक्षात खोली लहान निघाली की माणसाचा तुमच्यावरचा विश्वास दारातच जातो. हाताने काढलेला का होईना, मोजमापांचा नकाशा जरूर जोडा.

फोन येतात, पण बघायला कुणी येत नाही, याचा अर्थ महत्त्वाचं काहीतरी लिहायचं राहिलंय. मजला, लिफ्ट, पार्किंग, दरमहा देखभाल खर्च सगळं लिहा. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं, वापरायचं) की बिल्टअप (भिंती धरून), तेही स्पष्ट करा. एकक बदलताना चूक होते: ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४६ चौरस फूट.

लोक बघून जातात आणि गप्प बसतात, तेव्हा मात्र किंमतच तपासा. शेजारच्या जाहिरातीतला भाव ही त्या मालकाची अपेक्षा असते. तुम्हाला हवा तो नोंदणी झालेल्या व्यवहारांचा भाव.

घरावर कर्ज किंवा सहमालक असेल, तर बँकेकडून फेडायच्या उरलेल्या कर्जाचं पत्र आणि सहमालकाची लेखी संमती जाहिरातीआधीच मिळवा. करारनामा वकिलाकडून तपासून घ्या. एजंटचे पैसे वाचले म्हणून इथे काटकसर नको.

आणि फसवणूक. घर न बघताच टोकन द्यायला निघालेल्या माणसापासून दूर राहा. पैसे मिळवण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच द्यावा लागत नाही. "जास्त रक्कम आली, फरक परत पाठवा" असं कुणी म्हणालं, तर एक पैसाही पाठवू नका, कारण मूळ रक्कम बहुतेक वेळा आलेलीच नसते. मालकीच्या कागदांचे फोटो जाहिरातीत टाकू नका, घर दाखवायला एकटे जाऊ नका.

व्यवहार पूर्ण झाला की त्याच दिवशी सगळ्या संकेतस्थळांवरची जाहिरात काढा. मागे राहिलेले फोटो उचलून भामटे तेच घर स्वस्त भाड्याने दाखवतात आणि अनामत उकळतात.