ई-३ सेंट्रीची डुगडुगणारी तबकडी: माझा अनुभव

ई-३ सेंट्री म्हणजे पाठीवर रडारची मोठी गोल तबकडी असलेलं अमेरिकी टेहळणी विमान. माझ्याकडच्या त्याच्या १:२०० मापाच्या डायकास्ट (धातूच्या ओतीव) मॉडेलची तबकडी एका बाजूला कलली होती. कारण साधं: तिला धरणारी प्लास्टिकची खुंटी झिजलेली. इथे सुपरग्लू अजिबात वापरू नका. त्याच्या वाफेने रंगावर पांढुरकी झाक चढते, ती सहज पुसून जात नाही. ती काढायला ॲसिटोन लावलं तर रंगच उतरतो.

जुना गोंद ब्लेडने खरवडला. तबकडी पेलणाऱ्या खांबांच्या माथ्यावर आणि तबकडीच्या मधोमध हातड्रिलने १ मिमीचं, ३ मिमी खोल भोक पाडलं. त्यात पितळी तारेचा ५ मिमी तुकडा बसवून खालच्या टोकालाच टाचणीने इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद) लावला. वरचं टोक कोरडं ठेवलं की तबकडी फिरते.

खऱ्या विमानात ९.१ मीटरची ही तबकडी पुढे किंचित झुकलेली असते. तो झुकाव जपा, सपाट करू नका! इपॉक्सी २४ तास वाळू द्या.