पुण्यात नव्यानं बस चालवणाऱ्यांसाठी: गाडीआधी अंगाची काळजी

हेवी लायसन्स आणि बॅच-बिल्ला मिळाला की पोरांना वाटतं, आता गाडीवर हात बसला की झालं. हात बसतो लवकर. निम्मं आयुष्य मी पुण्याच्या रस्त्यांवर बस चालवतोय आणि माझ्या बरोबरीचे कितीतरी ड्रायव्हर कंबर, बीपी, शुगर नाहीतर मुतखड्यापायी स्टिअरिंग सोडून बसलेले पाहिलेत.

मुतखड्याचं आधी सांगतो, कारण त्यावर कुणी बोलत नाही. शेवटच्या स्टॉपवर स्वच्छतागृह नसलं, किंवा असून आत पाय ठेववत नसला, की ड्रायव्हर पाणी पिणंच तोडतो. स्वारगेटहून हडपसरला जाताना फातिमानगरला गाडी अडकली की खेप लेट होते आणि खाली उतरायची पाच मिनिटं त्यातच जातात. मग लघवी दाबून ठेवायची सवय लागते. एप्रिल-मेमध्ये तर हे फारच वाईट. स्टार्टरला, म्हणजे स्टॉपवरून गाड्या सोडणाऱ्या माणसाला, स्पष्ट सांगा आणि जाऊन या. आता बायकाही या कामात येतायत. पाळीच्या दिवसांत त्यांची किती कुचंबणा होत असेल! शेवटच्या स्टॉपवर सोय झालीच पाहिजे, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलतो.

सीट लावून घेतल्याशिवाय गाडी डेपोबाहेर काढू नका. पाठ पूर्ण टेकवा, क्लच तळापर्यंत दाबा; तेव्हाही डावा गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय ताणावा लागला तर कंबर पुढे सरकते आणि स्पीड ब्रेकरचा प्रत्येक दणका थेट मणक्यात बसतो. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. सीटचा खटका जाम असेल तर तक्रार तोंडी नको, वहीत लिहा. इंजिन पुढे असलेल्या गाडीत बॉनेटची धग डाव्या मांडीला आणि आवाज डाव्या कानाला लागतो. इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, ही धगही नाही. बसून राहणं मात्र तेवढंच.

आणि हे बसून राहणंच हृदयाला भोवतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या लोकांचा अभ्यास 1953 मध्ये मांडला. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. गाडी एकच, रस्ता एकच, फरक हालचालीचा. म्हणून खेप संपली की खाली उतरून गाडीभोवती दोन चकरा मारा. टायरही बघून होतात.

धुराचं काय सांगू? डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2012 मध्येच जाहीर केलंय. सिग्नलला पुढच्या ट्रकपासून जरा अंतर ठेवा.

डबल ड्युटीचा मोह सुरुवातीला फार होतो, घरी हप्ते असतात, मला कळतं. पण 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं शहरातल्या ड्रायव्हरसाठी दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशी मर्यादा घातली होती, ती उगाच नाही. रात्री उशिरा गाडी लावून पहाटेच्या पहिल्या खेपेला पुन्हा बसलात तर डोळा कधी लागला, हे तुम्हालाच कळणार नाही. झोप उडावी म्हणून तंबाखू तर मुळीच नको.

बीपी आणि शुगर दर काही महिन्यांनी तपासा, आकडे वहीत लिहून ठेवा. साध्या सर्दीसाठी गेलात तरी डॉक्टरांना आधी सांगा, मी बस चालवतो. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते. तसं असेल तर ते औषध बदलून देतात.