विंडोज, लिनक्स की दोन्ही? सॉफ्टवेअर चालावं म्हणून सिस्टीम बदलताना या चुका टाळा

रात्री साडेअकराला फोन आला. "काका, लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर अडकलाय. ४८ आकडी की मागतोय. माझ्याकडं असलं काय नाही ओ!"

विश्रामबागेत खोली घेऊन राहणारा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा. प्रॅक्टिकल लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) असतात म्हणून व्हिडिओ बघत बघत ड्युअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टीम, करायला बसला होता. व्हिडिओत सांगितलं तसं त्यानं बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम उठू न देणारी सोय, बंद केलं आणि विंडोज उघडायचंच थांबलं. नव्या लॅपटॉपांत विंडोज ११ बऱ्याचदा न विचारताच बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद करून ठेवतं. बूटच्या सेटिंगमध्ये कुणी हात घातला, की ते ४८ आकडी की, म्हणजे किल्ली, मागतं. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं लॅपटॉप घेताना वडिलांच्या ईमेलवर उघडलेलं. वडील तासगावला, झोपलेले. सकाळी त्यांच्या खात्यातून की मिळाली तेव्हा पोराच्या जिवात जीव आला. ते खातं कुणालाच उघडता आलं नसतं, तर डिस्कवरचं सगळं कायमचं गेलं असतं.

सांगलीत मी गेली १८ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. अशा घोटाळ्यांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस आधी सिस्टीम ठरवतो आणि आपलं काम तिच्यात बसतं का ते नंतर बघतो. बघायचं उलट्या क्रमानं.

चूक: कामाची यादी न करताच सिस्टीम बदलणं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यानंतर "लिनक्स टाका, फुकट आहे" हा सल्ला सगळीकडं फिरला. सल्ला वाईट नाही. घरी ब्राउझर, ईमेल, पिक्चर बघणं एवढंच असेल, तर आठ-दहा वर्षं जुनं मशीन लिनक्स मिंटवर झकास चालतं, आणि मी स्वतः अनेकांना ते बसवून दिलं आहे.

पण मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात भाच्यानं काउंटरचं मशीन असंच बदललं. दोन दिवसांनी मालक माझ्याकडं आले. टॅली फक्त विंडोजसाठी निघतं. वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर उघडणारं सॉफ्टवेअर, वापरून भाच्यानं ते उघडून दाखवलं होतं, पण डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिलाची छपाई जुळेना आणि डिजिटल सहीचं टोकन ओळखलं जाईना. महिन्याची १८ तारीख होती. २० ला जीएसटीआर ३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरायचं. मालक म्हणाले, "तुम्ही काय पण करा, पण आज बिलं निघाली पाहिजेत." विंडोज १० परत बसवलं आणि वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली. वैयक्तिक वापराच्या मशीनना ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. कंपनीच्या नेटवर्कवरच्या मशीनचे नियम आणि पैसे वेगळे. तेवढ्या मुदतीत नवं मशीन घ्यायचं ठरलं.

म्हणून आधी कागद घ्या आणि लिहा. कोणते प्रोग्राम रोज लागतात, त्यांची आवृत्ती कोणती, १६ बिट की ३२ की ६४, कुणाला डोंगल (प्रोग्राम उघडायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) लागतं, प्रिंटर कोणता, स्कॅनर कोणता, कोणत्या पोर्टलवर सही करावी लागते, कशाला ग्राफिक्स कार्ड लागतं. कुपवाडच्या कारखान्यात सॉलिडवर्क्स असेल तर विषय तिथंच मिटला, ते विंडोजवरच चालतं. डीटीपीवाल्यांकडं जुने मराठी फॉन्ट आणि कुलपाचं डोंगल असेल तर प्रोग्रामच्या आधी डोंगलचा ड्रायव्हर (ते सिस्टीमला ओळखू देणारं सॉफ्टवेअर) तपासा. प्रोग्राम एकवेळ उघडतो, अडतं ते डोंगलपाशी.

लिनक्स वापरायचंच असेल तर बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवताच, चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं अर्ध्या तासात कळतं आणि डिस्कला धक्का लागत नाही.

चूक: गरज नसताना ड्युअल बूट

एका घरात दोन चुली मांडता येतात, पण इथं एका वेळी एकच पेटते. विंडोजमधून लिनक्समध्ये जायचं तर मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. दिवसातून एकदा असेल तर ठीक. बिलं एका सिस्टीमवर आणि बाकीचं दुसऱ्यावर असा प्रकार असेल तर आठवड्यात माणूस कंटाळतो आणि एक सिस्टीम धूळ खात पडते.

विद्यार्थ्यांना मी आता स्पष्ट सांगतो. सी, पायथन, शेल, गिट, डेटाबेस एवढंच करायचं असेल तर ड्युअल बूट नकोच. विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे, तिच्यात उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) विंडोजच्या शेजारी चालतं, फाइली दोन्हीकडून दिसतात. त्या रात्रीच्या मुलाला दुसऱ्या दिवशी हेच बसवून दिलं आणि त्याचं सेमिस्टर त्यावरच गेलं.

ड्युअल बूट खरोखर लागतं ते हार्डवेअर थेट हातात हवं असतं तेव्हा: ग्राफिक्स कार्डावर मोठं मॉडेल चालवायचं आहे, लिनक्सचे ड्रायव्हर शिकायचे आहेत, किंवा मशीनमध्ये रॅम इतकी कमी आहे की एकाच वेळी दोन सिस्टीम पेलणार नाहीत. असं असेल तर खुशाल करा, फक्त पुढचं सांभाळून.

ड्युअल बूट करताना जिथं हमखास पाय घसरतो

पहिलं काम बॅकअप, आणि तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर (कापलेल्या भागावर) नको. २०१९ च्या पुरानंतर गणपती पेठेतल्या किती दुकानांचे सीपीयू चिखलानं भरून माझ्याकडं आले होते, ते मी विसरू शकत नाही. ज्यांनी हार्ड डिस्कवर एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडं ठेवली होती त्यांचा व्यवहार आठवड्यात उभा राहिला. पार्टिशन कापण्यालाही तोच नियम. लॅपटॉपला चार्जर लावा, डेस्कटॉपला यूपीएस. पार्टिशन सरकवत असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो.

मग बिटलॉकर. की कागदावर लिहून घ्या किंवा छापून घ्या, फक्त त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. त्यानंतर बिटलॉकर तात्पुरता थांबवा आणि मगच बायोसमध्ये जा. उबुंटू, फेडोरासारखी लिनक्स सिक्युअर बूट चालू असतानाही बसतात, त्यामुळं ते बंद करण्याची बहुतेक वेळा गरजच नसते.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना "शट डाउन" केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि आपल्या पार्टिशनवर ताबा ठेवून झोपतं. लिनक्समधून तेच पार्टिशन उघडलं तर ते फक्त वाचण्यापुरतं मिळतं, आणि जबरदस्तीनं लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. "माझी फाइल लिनक्समधून सेव्हच होत नाही" म्हणून येणाऱ्यांत मला बहुतेक वेळा हेच कारण सापडतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणानं काय व्हावं ते ठरवण्याच्या पानावर ही खूण आहे.

जागा कापायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. विंडोजचं पार्टिशन विंडोजनंच लहान करावं. लिनक्सला मोकळी जागा सोडा; मी ५० जीबीच्या खाली जात नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, ही तक्रार नव्या इंटेल लॅपटॉपांवर फार येते. बायोसमध्ये डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या पद्धतीनं लावलेली असते, तिला एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर आणावं लागतं. इथं घाई केली तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये चालू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल, मग एकदा सेफ मोडमध्ये उघडून पुन्हा नेहमीसारखं चालू करायचं. क्रम चुकवू नका.

जुन्या मशीनवर एक वेगळी अडचण असते. विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीनं बसलेलं आणि पेनड्राइव्ह लेगसी या जुन्या पद्धतीनं उठवलेला असेल, तर दोन्ही सिस्टीम बसतात पण एका मेनूत दिसत नाहीत. दोन्हींची पद्धत एकच ठेवा. एमबीआर या जुन्या पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन होतात हेही लक्षात असू द्या.

घड्याळाची गोष्ट छोटी वाटते, पण त्रास मोठा. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. त्यामुळं लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागं. सकाळी दहाला साडेचार दिसतात, पहाटे काम करणाऱ्याला तर कालची तारीख दिसते. वेळ चुकली की कधी बँकेची साइट उघडत नाही, कधी नोंदीवर कालची तारीख पडते. लिनक्सला मशीनची वेळ स्थानिक मानायला सांगितलं की प्रश्न मिटतो. उबुंटूत टाइमडेटसीटीएल नावाची आज्ञा त्यासाठीच आहे.

चूक: व्हर्च्युअल मशीनकडून नको ती अपेक्षा

माझ्या मते दुकानदार, वकील, सीए यांच्या जुन्या सॉफ्टवेअरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे चालू सिस्टीमच्या आत सॉफ्टवेअरनं उभं केलेलं दुसरं मशीन, हाच सर्वांत सुरक्षित उपाय आहे. अख्खी जुनी सिस्टीम एका फोल्डरात राहते. ते आतलं मशीन बंद करून फोल्डर कॉपी केलं की बॅकअप झाला. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स आहेच, आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यवसायासाठीही मोफत आहे.

इथली सगळ्यात जास्त येणारी केस म्हणजे फॉक्सप्रोत लिहिलेला जुना डॉस प्रोग्राम. लिहिणारा माणूस कधीच गाव सोडून गेलेला, आणि वीस वर्षांची खाती त्यातच. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम चालतच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे कंपॅटिबिलिटी मोडच्या खुणा कितीही बदलल्या तरी उपयोग शून्य. व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिट विंडोज एक्सपी किंवा ७ टाका, प्रोग्राम त्यात चालतो. छपाईसाठी हा प्रोग्राम थेट एलपीटी १ या जुन्या प्रिंटर पोर्टवर माल सोडतो. तेव्हा यूएसबी प्रिंटर आतल्या सिस्टीमला जोडा, तिच्या आतच शेअर करा आणि तो शेअर एलपीटी १ ला बांधा. नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त बाहेरच्या मशीनपुरतं, ठेवा. एक्सपीचा आधार २०१४ ला आणि विंडोज ७ चा २०२० ला संपला आहे, त्यांना इंटरनेटची हवा लागू देऊ नका.

आता अपेक्षांचं. ४ जीबी रॅमच्या मशीनवर विंडोजच्या आत विंडोज चालवायला जाऊ नका. ८ जीबी असेल तर आतल्या सिस्टीमला निम्म्याहून जास्त देऊ नका, नाहीतर दोन्ही गुदमरतात. सुरूच होत नसेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. बंद असेल तर बायोसमधून चालू होतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत कासवाचं चिन्ह दिसलं तर समजा, विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, आधीच जागा धरून बसलंय आणि म्हणून सगळं रेंगाळतंय. डब्ल्यूएसएल वापरणाऱ्याकडं हे दिसणारच.

डोंगल आणि डिजिटल सहीचं टोकन एका वेळी एकाच सिस्टीमला दिसतं. आत जोडलं की बाहेर दिसेनासं होतं, ते बिघडलेलं नसतं. पॅरलल पोर्टच्या जुन्या डोंगलला यूएसबी कन्व्हर्टर लावून पैसे घालवू नका, ते कन्व्हर्टर फक्त प्रिंटरपुरते असतात. असल्या डोंगलसाठी पॅरलल पोर्ट असलेलं जुनं मशीनच जपून ठेवावं.

त्रिमितीय ड्रॉइंगचं काम व्हर्च्युअल मशीनमध्ये करू नका. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये तीन आठवडे असा प्रयत्न झाला. प्रत्येक वेळी मॉडेल फिरवताना पडदा गोठायचा. त्यांना विंडोज थेट मशीनवरच लागत होतं.

स्नॅपशॉट (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. आणि आतल्या विंडोजला वेगळा परवाना लागतो. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या लॅपटॉपपुरताच.

मॅक घेणाऱ्यांसाठी

२०२० च्या शेवटापासून आलेल्या एम मालिकेच्या मॅकवर बूट कॅम्प नाही, म्हणजे विंडोजचं ड्युअल बूट नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोजची एआरएम (अशा चिपसाठीची वेगळी) आवृत्ती चालते आणि तिच्यात बरेच साधे प्रोग्रामही चालतात. पण डोंगलचा ड्रायव्हर एआरएमसाठी बनलेला नसेल तर तो बसत नाही. सीएच्या ऑफिसात मॅक घेण्याआधी टोकनच्या कंपनीला एवढं विचारून घ्या.

बिघडलंच तर

विंडोज अपडेटनंतर लिनक्सचा मेनू गायब झाला तर घाबरून पुन्हा सगळं बसवू नका. बहुतेक वेळा फक्त बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन उबुंटूची नोंद वर घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये एका विंडोज अपडेटनं अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स उठणंच थांबवलं होतं, पडद्यावर एसबीएटी (सिक्युअर बूटची एक) तपासणी फसल्याचा संदेश यायचा. तिथंही लोकांचा डेटा जागच्या जागी होता. घाबरून ज्यांनी फॉरमॅट मारलं, त्यांनीच तो घालवला.

लिनक्स काढायचं असेल तर त्याचं पार्टिशन आधी उडवू नका. तसं केलं की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूट मेनूचा, प्रॉम्प्ट उरतो. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज थेट उठतंय याची खात्री करा, मग लिनक्सचं पार्टिशन पुसा. आणि १०० ते ५०० एमबीचं ते लहानसं ईएफआय पार्टिशन दिसतं ना, त्याला हात लावू नका. विंडोजही तिथूनच उठतं.