आयफोनमधला फोटो फॉर्मला चालेल असा जेपीजी कसा करावा

बँकभरतीची जाहिरात निघाली की आमच्या अभ्यासिकेतल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरसमोर रांग लागते. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री कुणीतरी हमखास फोन पुढे करतं, "दादा, फोटो अपलोडच होत नाहीये." फाइलचं नाव बघितलं की कारण कळतं. शेवटी डॉट जेपीजी नसतं, डॉट एचईआयसी असतं. तोवर त्या मुलाने किंवा मुलीने चार जणांचे सल्ले ऐकून फोटोचं पुरतं वाटोळं केलेलं असतं. हा लेख त्या सल्ल्यांना कंटाळून लिहितोय. वर्षाला शेकड्याने असे फोटो हाताखालून जातात, त्यामुळे जे खात्रीने चालतं तेवढंच सांगतो.

आधी दोन ओळींत कारण. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस ११ आलं, तेव्हापासून आयफोन ७ आणि त्यापुढचे फोन मूळचेच एचईआयसीमध्ये फोटो काढतात. त्यात व्हिडिओ दाबायची एचईव्हीसी ही पद्धत फोटोला लावलेली असते, म्हणून जेपीजीच्या जवळपास निम्म्या जागेत तेवढाच चांगला फोटो मावतो. फोनच्या दृष्टीने सोय उत्तम आहे. पण भरतीची बहुतेक पोर्टलं १९९२ साली प्रमाण ठरलेला जेपीजीच मागतात आणि दुसरं काही दिलं की नाकारतात.

नाव बदलून काही होत नाही

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे "फाइलचं नाव बदल, एचईआयसी खोडून जेपीजी लिही." असं करू नका. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतली डाळ बदलत नाही. शंका असेल तर ती नाव बदललेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळी अगम्य अक्षरं दिसतील, पण पहिल्याच ओळीच्या सुरुवातीला इंग्रजीत एफ-टी-वाय-पी आणि त्याला चिकटून एच-ई-आय-सी असं स्पष्ट वाचता येईल. खऱ्या जेपीजीत त्या जागी बहुतेक वेळा जेएफआयएफ किंवा एक्झिफ ही अक्षरं दिसतात. पोर्टलही अशाच खुणेवरून फाइल ओळखतं. काही पोर्टलं फक्त नाव बघतात आणि अशी फाइल घेऊनही टाकतात. ते जास्त धोक्याचं, कारण मग अर्जात फोटोच्या जागी कोरी चौकट उरते आणि ते कळेपर्यंत तारीख गेलेली असते.

दुसरा सल्ला स्क्रीनशॉटचा. आयफोनचा स्क्रीनशॉट सहसा पीएनजी या वेगळ्याच प्रकारचा असतो आणि त्यात मूळ फोटोतले बरेचसे पिक्सेल गेलेले असतात. तिसरा, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करण्याचा. त्याने जेपीजी मिळतो हे खरं, पण व्हॉट्सअ‍ॅपने तो आधीच एकदा दाबलेला असतो आणि पुढे तुम्ही पुन्हा दाबणार. चेहऱ्याच्या फोटोला एक वेळ चालेल, मार्कशीटच्या फोटोतले बारीक आकडे मात्र वाहून जातात.

फोटो अजून काढायचा असेल तर

सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा. आता निघणारा फोटो थेट जेपीजी असेल, जुने आहेत तसेच राहतील. काम झालं की पुन्हा "हाय एफिशियन्सी" करा. हे सेटिंग कायमचं बदलून ठेवा म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. घरातले लग्नाबारशाचे हजारो फोटो दुप्पट जागा खात बसतील, आणि फॉर्म वर्षातून पाच-सहाच भरायचे असतात. सॅमसंग फोनमध्येही "हाय एफिशियन्सी पिक्चर्स" असा पर्याय असतो. फोटो एचईआयसीमध्ये येत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो बंद करा.

फोटो आधीच काढलेला असेल तर

फक्त फोन हाताशी असेल तर फोटो "सेव्ह टू फाइल्स" करा, फाइल्स अ‍ॅपमध्ये त्यावर बोट दाबून धरा, क्विक अ‍ॅक्शन्समधून "कन्व्हर्ट इमेज" आणि मग जेपीईजी. आयओएस १६ पासून हे फोनमध्येच आहे, वेगळं अ‍ॅप लागत नाही.

कॉम्प्युटर असेल तर फोनवर काहीच करू नका. मूळ एचईआयसी फाइलच कॉम्प्युटरवर आणा. केबलने आणत असाल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोजखाली (नव्या आयओएसमध्ये आधी अ‍ॅप्स, मग फोटोज) "ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी" मध्ये "कीप ओरिजिनल्स" ठेवा. विंडोजला ही फाइल दाखवता आली नाही तरी घाबरू नका. गिम्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर ती सरळ उघडतं, पुढचं सगळं काम त्यातच करायचं आहे. मॅकवाल्यांना प्रिव्ह्यू पुरतो.

अनोळखी वेबसाइटवर फोटो चढवून जेपीजी करून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. फोटो, सही, आधार कार्ड या तीन गोष्टी एकाच माणसाच्या एकाच साइटवर गेल्या की गैरवापर करणाऱ्याला आणखी काय लागतं? शिवाय लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही फाइलमध्ये असतात. घरी काढलेल्या फोटोत म्हणजे तुमच्या घराचा पत्ताच.

केबीचा घोळ

इथेच बहुतेक सगळे अडकतात. मीही अडकलो होतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली.

बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातींत अनेक वर्षं एकच मागणी असते: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. इतर भरत्यांचे आकडे वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून ताजी जाहिरात समोर ठेवूनच बसा. रीत मात्र सगळीकडे हीच.

अभ्यासिकेतल्या एका मुलीचा फॉर्म मी भरत होतो. फोटो २०० बाय २३० करून पेंटमध्ये सेव्ह केला, तर फाइल आली १४ केबी. पोर्टल म्हणे किमान २० हवेत. मी ती सेव्ह केलेली फाइलच पुन्हा उघडली, मोठी केली, सेव्ह केली. आता माप चुकलं. पुन्हा लहान केली, पुन्हा सेव्ह. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी एका दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटी शंभरवर नेली तेव्हा कुठे केबी भरले आणि पोर्टलने फोटो घेतला. आम्ही दोघांनीही सुटकेचा श्वास टाकला. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारात हॉल तिकिटावरचा चेहरा जुळेना. तिला बाजूला उभं केलं, दोन ओळखपत्रं मागितली, पुन्हा पुन्हा निरखलं. आत सोडलं खरं, पण पेपर सुरू होण्याआधीची ती पंधरा मिनिटं तिची माझ्यामुळे गेली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मला काही बोलली नाही, नुसतं हॉल तिकीट टेबलावर ठेवलं. डोळे आणि भुवया एकमेकांत मिसळल्या होत्या, गालावर चौकोनी डाग होते.

ते डाग कुठून येतात हे समजलं की चूक पुन्हा होत नाही. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील टाकून जागा वाचवतं. टाकलेलं परत येत नाही. तीच फाइल उघडून बदल करून पुन्हा सेव्ह केली की उरलेल्यातून आणखी टाकलं जातं. आणि खराब झालेल्या फाइलची क्वालिटी शंभर केली तर काय होतं? केबी वाढतात, चेहरा परत येत नाही. ते डागच जास्त काळजीपूर्वक जपले जातात. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: मूळ फोटोवरूनच काम सुरू करायचं आणि जेपीजी एकदाच, सगळ्यात शेवटी करायचा. माप चुकलं तर मधल्या फाइलला हात लावायचा नाही, पुन्हा मूळ फोटो उघडायचा.

आता क्रम. आधी काप, मग माप, मग क्वालिटी. हा क्रम बदलू नका.

काप: पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा असतो, आणि २०० बाय २३० ही चौकट त्या मानाने रुंद आहे. पासपोर्ट फोटो नुसता ताणून या मापात बसवला तर चेहरा सुमारे १२ टक्के रुंद होतो. हॉल तिकिटांवर असे सुजल्यासारखे चेहरे मी नेहमी बघतो. म्हणून गिम्पमध्ये क्रॉप टूल घ्या, "फिक्स्ड" वर खूण करा, अ‍ॅस्पेक्ट रेशो २००:२३० लिहा आणि चेहरा-खांदे बसवून कापा. आता काहीही ताणावं लागणार नाही.

माप: इमेज मेनूतलं "स्केल इमेज". रुंदीत २०० लिहा. साखळीचं चिन्ह जोडलेलं असेल तर उंची आपोआप २३० च्या आसपास येईल. एखाद्या पिक्सेलचा फरक पडला तर साखळी सोडून हाताने लिहा. ही पायरी गाळून नुसती क्वालिटी कमी करत सुटणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी हिशोब मांडतो. आयफोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०३२ बाय ३०२४, म्हणजे एक कोटी बावीस लाखांच्या आसपास पिक्सेल. आपल्याला हवेत फक्त ४६ हजार. एवढे पिक्सेल तसेच ठेवून ५० केबीत कोंबले तर दर पिक्सेलला एका बिटचा जेमतेम तिसावा हिस्सा येतो. तेच ५० केबी ४६ हजार पिक्सेलना दिले तर दर पिक्सेलला जवळजवळ नऊ बिट मिळतात. एकीकडे चिखल, दुसरीकडे पापणीचा केसही दिसेल.

क्वालिटी: फाइल मेनूतून "एक्स्पोर्ट अ‍ॅज", नाव लिहून शेवटी डॉट जेपीजी. समोर क्वालिटीची पट्टी येते. "शो प्रिव्ह्यू" वर खूण केली की फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. चेहऱ्याचा फोटो ९० वर बहुतेक वेळा २० केबीच्या आतच राहतो. पट्टी ९५ च्या पुढे सरकवत न्या, २० ओलांडून पंचविसेक केबीवर आलात की थांबा. एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) आणि थंबनेल (छोटी प्रत) यांच्यापुढच्या खुणा काढून टाका. लोकेशन त्याबरोबर निघून जातं, आणि केबी मोजले जातात ते चेहऱ्याचेच.

डीपीआय वाढवा, केबी वाढतील, असंही सांगणारे आहेत. डीपीआय हा छापताना लागणारा आकडा आहे. फोनच्या फोटोत तो ७२ लिहिला काय आणि ३०० लिहिला काय, पिक्सेल तेवढेच राहतात आणि केबीही तेवढेच. जाहिरातीत २०० डीपीआय लिहिलेलं असतं ते स्कॅनर वापरणाऱ्यांसाठी.

फोटो आडवा पडतो तो का

फोन उभा धरून काढलेला फोटोही पुष्कळदा फाइलमध्ये आडवाच साठवलेला असतो. सोबत "दाखवताना वळवा" अशी एक सूचना लिहिलेली असते. रूपांतरात सूचना पुसली गेली आणि पिक्सेल वळवलेच नसले की पोर्टलवर माणूस आडवा. गिम्पने फाइल उघडताना वळवू का असं विचारलं तर "रोटेट" म्हणा. तेव्हाच रंगांच्या प्रोफाइलबद्दल विचारलं तर "कन्व्हर्ट" म्हणा, नाहीतर चेहरा फिक्कट दिसतो.

सही

कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही करा, खिडकीजवळच्या उजेडात वरून फोटो काढा. फोनची सावली कागदावर पडू देऊ नका. क्रॉपचं प्रमाण ७:३.

सहीत अडचण उलटी असते. १४० बाय ६० म्हणजे जेमतेम ८४०० पिक्सेल, त्यातही बहुतेक पांढरे. क्वालिटी शंभर केली तरी १० केबी भरत नाहीत. पण जाहिरात नीट वाचा, मापापुढे "प्रिफर्ड" असा शब्द असतो. म्हणजे प्रमाण राखून माप वाढवता येतं. मी २८० बाय १२० घेतो, तरी कमी पडलं तर ४२० बाय १८०. त्यात १० ते २० केबी सहज बसतात आणि सहीची वळणंही स्वच्छ येतात. "प्रिफर्ड" लिहिलेलं नसेल तिथे मात्र दिलेलं मापच पाळा.

अपलोड करण्यापूर्वी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. तिथे "साइज" आणि "साइज ऑन डिस्क" असे दोन आकडे असतात. पोर्टल मोजतं तो पहिला. दुसरा आकडा बहुतेक वेळा मोठा असतो, त्यामुळे १९ केबीची फाइल २० ची वाटून लोक फसतात. अपलोड झाल्यावर प्रिव्ह्यूचं पान पूर्ण मोठं करून बघा, शक्य असेल तर एक प्रिंट काढा आणि शेजारच्याला विचारा, "हा मीच दिसतोय ना?" तो क्षणभर जरी थांबला, तरी मूळ एचईआयसी उघडा आणि कापण्यापासून पुन्हा सुरुवात करा.